एकच रस्ता, चार वेळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाणिज्य शाखेची पदवी झाली आहे, फोंड्यात नोकरी आहे, शहरांविषयी वाचायची आवड आहे आणि आता स्वतः काही अभ्यास करावासा वाटतो. पण संशोधनाच्या पद्धती शिकायच्या कुठून? आधी संख्याशास्त्र घ्यावं, नकाशांचं सॉफ्टवेअर, की मुलाखतींचं तंत्र? आणि गोव्यात राहून हा अभ्यास होतो का, की त्यासाठी मुंबई-पुणं गाठायला हवं?

शेवटचं आधी घेतो. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातली ६२ टक्के माणसं शहरी. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा हे प्रमाण जास्त. २००१ मध्ये तेच पन्नासच्या किंचित खाली होतं. मग त्या दहा वर्षांत गोव्यात नवं शहर वसलं म्हणता? एकही नाही. पणजी महापालिका धरून नगरपालिका तेव्हाही १४ होत्या, नंतरही १४च. वाढली ती 'जनगणना शहरं': ३० ची ५६ झाली. म्हणजे कारभार पंचायतीचा, सरपंच आहे, ग्रामसभा आहे, पण जनगणनेच्या लेखी शहर. कळंगुट, कांदोळी, ताळगाव ही त्यातलीच. गावाला शहर म्हणायच्या अटी तीन: वस्ती किमान ५ हजार, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात.

'पुरुष' हा शब्द परत वाचा. बाई शेतात राबते की बाजारात मासळी विकते, हे गाव शहर ठरवताना धरलंच जात नाही. मी ही व्याख्या कित्येक वर्षं अहवालांत डकवत होतो आणि त्या शब्दावर माझी नजर अडली नव्हती. एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, पुरुषच का?" तेव्हा लक्षात आलं.

तर शहर म्हणजे नेमकं काय, हाच प्रश्न जिथे अजून सुटलेला नाही अशा जागी तुम्ही बसला आहात. मुंबईच्या अभ्यासकाला ही सोय नाही. फोंडा सोडायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. पद्धती एकेक करून, आधी ही मग ती, अशा शिकू नका. एकच लहान जागा घ्या: एक रस्ता, एक बाजार, एक वाडा (म्हणजे गावातला वस्तीचा एक भाग). तिच्याकडे चार वेगवेगळ्या पद्धतींनी बघा. मोजा, बोला, नकाशा काढा, कागद शोधा. चौघांची उत्तरं जुळणार नाहीत. जुळली नाहीत की बहुतेक जण घाबरतात आणि त्यातलं एक उत्तर गुपचूप गाळून टाकतात. तुम्ही नेमकं तिथेच थांबायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी चुकून शिकलो. ती चूक जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीच्या दिवसांत बार्देशातल्या एका किनारी गावात आम्ही घरोघरी पाहणी करत होतो. विषय पाण्याचा. नळाला किती वेळ पाणी येतं, विहीर वापरता का, टँकर मागवता का. यादीतलं घर बंद दिसलं की शेजारचं उघडं घर घ्यायचं, असा नियम आम्हाला लिहून दिला होता. काम वेळेत झालं, तक्ते सुबक आले, अहवाल गेला. निष्कर्ष काय, तर नळाचं पाणी पुरत नसलं तरी लोक विहिरीवर भागवतात, टँकर क्वचितच लागतो. आणि आम्ही मुक्कामाला होतो त्या घरासमोरून रोज टँकर जात होते! ते कुणाच्या दारात रिकामे होत होते?

उलगडा केला पोदेराने. पहाटे सायकलला टोपली बांधून, भोंपू वाजवत पाव पोचवणारा हा माणूस. त्याला सहज विचारलं, या गावात राहती घरं किती? त्याने वाड्यावाड्याने हिशोब सांगितला. या घरी रोज आठ पाव, त्या घरी फक्त शनिवार-रविवार, ह्यांच्याकडे नाताळात आणि मे महिन्यात, त्या घरी आजी गेल्यापासून काहीच नाही. आमच्या यादीपेक्षा त्याची यादी चांगली होती, कारण दार उघडतं की नाही यावर त्याचं पोट अवलंबून होतं.

मग आम्ही परत फिरलो, या वेळी फक्त बंद दारं घेऊन. ती एका जातीची नव्हतीच. काहींची माणसं पोर्तुगाल-इंग्लंडला, आखातात किंवा जहाजावर. काही दिल्ली-मुंबईवाल्यांची सुट्टीची घरं. काही भावाभावांच्या वाटणीत अडकलेली, इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटायचा दावा संपेपर्यंत कुलूप. (गोव्यातले वारसाहक्काचे नियम मूळ पोर्तुगीजकालीन कायद्यातून आलेले आहेत, आणि घर विकायचं तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. वारस चार देशांत असले की कौलांवर झाड उगवेपर्यंत सह्या होत नाहीत.) काही फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिलेले, टँकर आणि पोहण्याचे तलाव त्यांच्याकडे. आणि काही घरं मुळात बंद नव्हतीच. नवरा-बायको दोघंही सकाळी आठला कामाला जातात आणि रात्री आठला येतात, एवढंच. 'शेजारचं उघडं घर घ्या' या एका ओळीने आम्ही या पाचही तऱ्हा पुसून टाकल्या होत्या. उरले होते ते दुपारी घरी असणारे, स्वतःची विहीर असणारे लोक. त्यांना टँकर कशाला लागेल?

२०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचांतलं एक घर रिकामं नोंदलं गेलं. या आकड्यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ हळहळ झाली. पण 'रिकामं' या एका रकान्यात वरच्या किती तऱ्हा कोंबल्या असतील, याचा विचार करा.

तेव्हापासून कुठल्याही नव्या जागी माझा पहिला दिवस पाहणीचा नसतो, दिव्यांचा असतो. रात्री आठला पायी फिरायचं आणि किती घरांत दिवा आहे ते मोजायचं. एकदा आठवड्याच्या मधल्या वारी, एकदा शनिवारी. जमल्यास एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा डिसेंबरच्या शेवटी. खर्च शून्य. सोबत कुणीतरी घ्या आणि आधी पंचायतीच्या पंचाला किंवा दुकानदाराला सांगून ठेवा, नाहीतर रात्री घरांकडे बघत वहीत टिपणारा माणूस लोकांना काय वाटेल ते सांगायला नको.

नमुना निवडण्याकडे येतो, कारण वाणिज्यवाल्यांना इथे आत्मविश्वास असतो आणि तो धोक्याचा आहे. ३८४ हा आकडा तुम्ही ऐकला असेल. कुठलाही प्रबंध उघडा, '३८४ जणांची पाहणी केली' असं सापडतं. हा आकडा येतो एका सूत्रातून: ९५ टक्के विश्वास, पाच टक्के इकडे-तिकडे, आणि उत्तर निम्मं-निम्मं असेल असं धरून. पण सूत्राची पहिली अट अशी की वस्तीतल्या प्रत्येक माणसाला निवडलं जायची सारखी संधी हवी. तुम्ही बसस्टँडवर उभं राहून भेटेल त्याला विचारलंत, तर ३८४ काय आणि ३८४० काय, सूत्राचा तिथे संबंधच उरत नाही. तीन इमारती निवडून प्रत्येकीत सव्वाशे लोक घेतलेत तरी तेच. एका इमारतीतली माणसं एकमेकांसारखी असतात. तुमच्या हाती पावणेचारशे मतं दिसतात, पण वजन असतं फार थोड्यांचं.

मग संधी सारखी कशी करायची? त्यासाठी यादी हवी, आणि गोव्यात यादी हीच खरी डोकेदुखी. मतदारयादी घेतली तर लिस्बनला गेलेला माणूस तिच्यात सापडेल आणि दहा वर्षं मागच्या खोलीत राहणारा विजापूरचा गवंडी सापडणार नाही. पंचायतीचे घरक्रमांक घेतले तर एका क्रमांकामागे काय दडलंय ते कळत नाही. पुढे मालकाचं घर, मागे एका रांगेत आठ खोल्या, प्रत्येक खोलीत एक कुटुंब किंवा चार-पाच एकटे पुरुष. कागदावर एक घर, प्रत्यक्षात नऊ चुली. चूल हा शब्द मी मुद्दाम वापरतो. जनगणनेतसुद्धा कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारे लोक. म्हणून घरं मोजू नका, चुली मोजा. आपली यादी आपणच करा: वाड्याच्या एका टोकापासून चालत, मागच्या दारांसकट. त्या यादीतून दर सातवी किंवा दर दहावी चूल घ्या. सुरुवात कुठल्या चुलीपासून हे चिठ्ठी टाकून ठरवा. दार बंद असेल तर तीन वेगवेगळ्या वेळांना परत जा, त्यातली एक वेळ रविवारची. तरीही बंद, तर 'बंद' अशीच नोंद करा आणि का बंद ते शेजाऱ्याला विचारा. त्या जागी दुसरं घर घेऊ नका. पन्नास चुली अशा घेतल्यात तर बसस्टँडवरच्या ३८४ पेक्षा मी त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवीन.

यादी करताना एक जोखमीची गोष्ट मात्र सांगायला हवी. मागच्या खोल्या बहुधा बिनपरवाना असतात. तुमच्या नकाशावर त्या अचूक दिसल्या, तर तो नकाशा कुणाच्या हाती जाईल हे तुम्हाला माहीत नसतं. २००४ मध्ये वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडली गेली. कुठल्याही सरकारला पाडायला नकाशा लागतोच. माझ्या कच्च्या वहीत जागा नेमक्या असतात, छापलेल्या नकाशात त्या वाड्याच्या पातळीवर विरवून टाकतो. ज्यांनी दार उघडलं त्यांच्याशी एवढं इमान ठेवायला हवं.

मुलाखतींविषयी लोक समजतात की त्या सोप्या. बोलायला काय लागतं? मी पणजीच्या बाजारात एका भाजीवाल्या मावशीकडे पहिला प्रश्न टाकला होता, "गाव कुठला, मावशी?" आपल्याकडे दोन माणसं भेटली की हाच पहिला प्रश्न. गाव, मग आडनाव, मग देऊळ, आणि मग काकाच्या सासुरवाडीपर्यंत ओळख निघते. मावशीने तालुक्याचं नाव सांगितलं, तोंड वळवलं आणि पुढे अर्धा तास 'हो', 'नाही', 'बरं चाललंय' एवढंच. बेळगावकडून येऊन इथे तीस वर्षं बसलेल्या बाईला 'गाव कुठला?' हा ओळखीचा प्रश्न वाटत नाही. तिला ऐकू येतं, 'तू इथली का बाहेरची?' आता मी तो प्रश्न विचारतच नाही. "आज माल कुठून आणला, किती वाजता निघालात?" इथून सुरू करतो. पहाटेची गाडी, टेम्पोचं भाडं, जागेची पावती, पाऊस, असं करत गाव आपोआप येतं, आणि येतं तेव्हा सोबत गोष्ट घेऊन येतं.

भाषेचंही सांभाळा. एकच माणूस तुमच्याशी मराठीत, शेजाऱ्याशी कोंकणीत, हमालाशी कन्नडमध्ये आणि फोनवर हिंदीत बोलतो, आणि प्रत्येक भाषेत तो थोडा वेगळा असतो. टिपण काढताना शब्द तसाच उतरवा. कुणी 'भायले' (बाहेरचे) म्हटलं तर वहीत 'भायले'च लिहा. 'स्थलांतरित' लिहिलंत की त्या शब्दातला राग, भीती, कधी नुसती सवय, सगळं गेलं. भाषांतर नंतर घरी बसून करा.

आणि शेजारी कोण बसलंय ते लिहून ठेवा. मुंडकाराशी (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याशी) बोलताना भाटकार, म्हणजे जमीनमालक, ओसरीवर असेल तर ती मुलाखत मुंडकाराची नाही, दोघांच्या नात्याची आहे. वाईट नाही, पण तशी वाचायला हवी.

रस्त्यावर बसून मोजणं ही मला सगळ्यात आवडणारी पद्धत, आणि सगळ्यात हिणवली जाणारी. विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन पत्रकाराने १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात हे तासन्‌तास टिपलं. शोध काय लागला, तर जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. ऐकून हसू येतं. पण शहराच्या तज्ज्ञांनी तोवर सूर्यप्रकाश, चौकाचा आकार, सौंदर्य असली कारणं धरून ठेवली होती आणि बाकं विसरले होते. त्याच्या मोजणीवरून तिथले चौकांचे नियम बदलले. पणजीत कांपालच्या बागेत किंवा मडगावच्या पालिका उद्यानात एक संध्याकाळ हेच करून पाहा.

फक्त इथलं घड्याळ इथलं ठेवा. पणजीच्या 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावरची वर्दळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाचला मोजून 'दिवसाची सरासरी' काढणारे अहवाल मी वाचले आहेत. दुपारी एक ते चारमध्ये अर्धं पणजी शटर ओढून झोपतं, हे त्यात कुठेच नाही! म्हापशाचा बाजार शुक्रवारी एक असतो आणि मंगळवारी दुसराच. पणजीची रात्रीची वस्ती २०११ ला सुमारे ४० हजार होती, कारण जनगणना माणूस झोपतो तिथे मोजते. दिवसा कदंब बसस्टँडवर उतरणारे, दुचाकीने पूल ओलांडून येणारे, पायलटच्या (दुचाकी टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून कचेरी गाठणारे त्यात नाहीत. कचरा, पार्किंग, शौचालयं यांवर भार कुणाचा, हे रात्रीच्या आकड्यावरून कसं कळेल?

पाणी तुंबण्याचा अभ्यास करायचा असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ ठेवा. पणजीत पावसाचं पाणी सांतिनेजच्या नाल्यातून आणि मळ्याकडच्या खाडीतून मांडवीला जातं. नदी भरलेली असेल तर ते जाणार कुठे? त्याच जोराचा पाऊस ओहोटीच्या वेळी पडला तर रस्ता तासाभरात मोकळा होतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तुम्ही रोज दुपारी तीनलाच नोंद घेत राहिलात तर तुमच्या वहीत अनियमितता दिसेल, आणि तिचं कारण तुम्ही पालिकेच्या झाडूत शोधत बसाल. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत शेती करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मानशीची (बांधातल्या पाणी अडवायच्या-सोडायच्या वाटेची) दारं भरती-ओहोटी पाहूनच उघडमीट होतात. शहराच्या अभियंत्याने कधीतरी मानस चालवणाऱ्या माणसाशी बोलावं असं मला फार वाटतं, पण ते असो.

नकाशांबद्दल. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठी टंकही चालतात, महिनाभर रोज तासभर दिलात तर कामापुरतं येतं. त्यासाठी महागडा कोर्स करू नका. उपग्रहाची चित्रंही फुकट मिळतात. लँडसॅटची १९७० च्या दशकापासूनची आहेत, सेंटिनेलची गेल्या दहा वर्षांची, १० मीटरच्या तुकड्यांत. आणि इथे गोवा फसवतो. आपली घरं माडांच्या आणि आंब्या-फणसांच्या खाली असतात. वरून बघणाऱ्या यंत्राला तिथे हिरवळ दिसते. उलट सड्यावरची उघडी जांभ्याची जमीन त्याला काँक्रीटसारखी दिसते. जून ते सप्टेंबर ढगच ढग, आणि पावसाळ्यातलं खाजन म्हणजे नुसतं पाणी. यंत्राने दिलेल्या रंगीत नकाशावर विसंबून 'अमुक गावात बांधकाम इतकं वाढलं' असं ठोकून देणारे बरेच आहेत. निदान शंभर ठिपके निवडा, जितके चालत-सायकलने गाठता येतील तितके गाठा, आणि यंत्र किती वेळा चुकलं ते स्वतः मोजा. ते प्रमाण नकाशाच्या खाली छापा.

कागदांची वाट मात्र इथे श्रीमंत आहे. गावच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हेचा नकाशा, शहरात पीटी शीट आणि चलता नंबर (शहरी भूमापनाचा नकाशा आणि त्यातला मिळकतीचा क्रमांक), कोमुनिदादींच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांच्या) नोंदी, कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारे प्रादेशिक आराखडे. २०११ सालापर्यंतचा म्हणून केलेला प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ मध्ये मागे घ्यायला लावला. त्यानंतर २०२१ चा आला. एकाच सर्व्हे नंबरला या कागदांत काय काय म्हटलंय ते ओळीने मांडलंत, तर एक आख्खा प्रबंध होतो. पुराभिलेखातल्या जुन्या कागदांसाठी थोडी पोर्तुगीज शिकावी लागेल. वाचण्यापुरती शिका, बोलण्याची घाई नाही. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मराठी दैनिकांचे जुने अंक चाळायला एक सुट्टीचा दिवस द्या. पाणी, बाजार, भाडं यांच्या तक्रारी वाचकांच्या पत्रांत असतात, अग्रलेखांत नसतात.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना 'का?' विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही. कुठल्या फाइलची प्रत हवी ते लिहा, किंवा त्याहून बरं म्हणजे फाइल बसून पाहायची मागणी करा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. आणि ग्रामसभेला जा. बहुधा रविवारी सकाळी असते. कुणाच्या नावाने बोट उठतं, कोण मागे उभं राहून काहीच बोलत नाही, ठराव इतिवृत्तात कसा उतरतो: दोन तासांत जे दिसतं ते महिन्याच्या मुलाखतींत मिळत नाही.

'हे सगळं एकाच माणसाने का करायचं?' असं तुम्ही विचाराल. दोन माणसांची नावं सांगतो. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हिंदुस्थानात आला, गावोगाव पायी फिरून त्याने शहरांचे अहवाल लिहिले, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्याचा हेका. सरसकट पाडापाडीच्या तो विरोधात होता. त्याच्यानंतर १९२४ मध्ये तो विभाग हाती घेतला तो आपल्या शेजारच्या मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. स्वभाव अगदी उलटा. घुर्ये ग्रंथांचे माणूस, फिरण्यापेक्षा वाचण्यावर भर. तरी त्यांचे विद्यार्थी देशभर फिरले.

पण दुसरं नाव मला सांगायचं आहे ते घुर्यांचं नव्हे, गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचं. पेशाने गणिती. जुन्या नाण्यांचं वजन करून, झिजेच्या हिशोबावरून ती किती काळ चलनात होती हे त्यांनी काढलं. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून दगडी हत्यारं गोळा केली, धनगरांशी बोलले, संस्कृत पोथ्या संपादल्या, आणि गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) गावकारीवरही, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेवरही लिहिलं. वजनकाटा, पाय, कान आणि पोथी एकाच माणसाकडे होती. म्हणून पोथीत लिहिलेलं पायाखाली सापडलं नाही की त्यांना लगेच कळायचं. चार तज्ज्ञांची समिती असती तर चार प्रकरणं झाली असती आणि विसंगती बाइंडिंगमध्ये शिवली गेली असती.

अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचे वर्ग फुकट आहेत, एक पुरे. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे, आल्तिन्योवर वास्तुकला महाविद्यालय आहे. व्याख्यानं जाहीर असतात तेव्हा जाऊन बसा. पुढे पदवीच घ्यायची झाली तर मुंबईचं टिस, अहमदाबादचं सेप्ट, पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट हे पर्याय आहेत, पण सहा महिने स्वतः काही करून मगच अर्ज करा. प्रश्न न घेता गेलेल्या मुलांना तिथे दुसऱ्याचा प्रश्न चिकटवला जातो.

आता तुमच्या फोंड्याचं. नगरपालिकेची हद्द लहान आहे आणि शहर कधीच तिच्याबाहेर सांडलंय. कुर्टी, बांदोडे, कवळे इथे वस्ती शहराची, कारभार पंचायतीचा. यातली एक हद्द निवडा, समजा कुर्टीकडची, जिथे रस्त्याची एक बाजू पालिकेत आणि दुसरी पंचायतीत पडते असा दोनतीनशे मीटरचा तुकडा. विषय एकच ठेवा, कचरा. सकाळी सहा ते नऊ बसून गाडी कधी येते, कोण पिशवी घेऊन रस्ता ओलांडतं ते मोजा. दोन्ही बाजूंच्या दहा-दहा चुलींशी बोला. पालिकेचा आणि पंचायतीचा, दोघांचाही त्या रस्त्याचा कागद मागवा. हद्दीची रेघ क्यूजीआयएसमध्ये काढा, आणि मग त्या रेघेवरून चालत जाऊन ती खरोखर कुठे आहे ते दुकानदारांना विचारा. दोन दुकानदार दोन जागा दाखवतील. त्या दोन जागांमधल्या पट्ट्यात कचरा कुणाचा, इथून तुमची वही सुरू करा. जनगणनेची पुढची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, आणि त्या पट्ट्यातली घरं तिच्यात कुठल्या बाजूला मोजली जातात ते बघायला मला आवडेल. वही भरली की कळवा. पणजीहून फोंड्याला बस दर थोड्या वेळाने आहे, मी येऊन ती रेघ तुमच्याबरोबर चालीन.